१९६० च्या आसपास जहाजावर ट्रान्झिस्टरचा कॉम्प्युटर? करायचा काय तो नेमकं?

गोदाकाठ_नांदेड

नमस्कार मंडळी, मी नांदेडचा, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स शेवटचं वर्ष. सेमिनारला विषय घेतलाय सुरुवातीचे ट्रान्झिस्टरवाले लष्करी कॉम्प्युटर, त्यातबी जहाजावरचे. घेताना सोपा वाटला, आता वाचायलोय तर गुंता वाढतच चाललाय.

अमेरिकन नेव्हीचा एएन/यूएसक्यू-२० म्हणून एक होता, युनिव्हॅक कंपनीनं बनवलेला, १९६१ पासून नेव्हीला मिळायला लागला. मेमरी ३२,७६८ शब्दांची, एक शब्द ३० बिटचा. मी गुणाकार करून पाह्यला तर सगळी मिळून १२० केबी होते. एवढ्यात काय मावणार? प्रोग्राम कुठं ठेवायचा, डेटा कुठं ठेवायचा?

दुसरं असं की व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे कॉम्प्युटर तेव्हा चालूच होते, बँकांत, युनिव्हर्सिटीत, मग ट्रान्झिस्टर एवढा महाग असताना नेव्हीनं त्याचाच हट्ट काहून धरला?

तिसरी गोष्ट घरातली. आमचे मामा म्हणतात ह्या सगळ्या थापा आहेत, जहाजावर तोफेचं गणित लोखंडी गिअरवर व्हायचं, कॉम्प्युटर बिंप्युटर काही नव्हतं. त्यांच्याशी वाद घालून थकलो. आपल्या भारतीय जहाजांवर असलं काही होतं का, तेबी कुणाला माहीत असल तर सांगा. सरांनी १५ मिनिटं दिलीत बोलायला.

सोल्डरवाला_लातूर

व्हॉल्व्ह चालू होते म्हणतोस ते जमिनीवर. मोठ्या हॉलमध्ये, वर पंखे, खाली केबलला मोकळी जागा, हाताशी दोन टेक्निशियन दिवसभर व्हॉल्व्ह बदलायला. जहाजात ह्यातलं एकबी नसतं.

व्हॉल्व्हला फिलामेंट असतं, ते तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, म्हणजे कॉम्प्युटर काही काम करो न करो, ती हजारो फिलामेंटं पेटलेलीच. तेवढी वीज नुसती तापण्यात जाते, मग ती गरमी लोखंडी डब्यासारख्या खोलीतून बाहेर काढायला थंड हवेचं मशीन, त्या मशीनला परत वीज, आणि जहाजाचा जनरेटर काही महावितरणची लाइन नाही की कमी पडली की शेजारच्या फीडरवरून घेतली. वर तोफ उडाली की अख्खं जहाज हादरतं, काचेच्या नळीतल्या त्या केसासारख्या तारा किती दिवस टिकणार?

आता हिशोबच कर. कॅनडाच्या नेव्हीनं १९५३ मध्ये डेटार नावाची, जहाजांनी रडारची माहिती एकमेकांना द्यायची सिस्टिम ओंटारियो सरोवरात छोट्या जहाजांवर चढवून पाह्यली होती, एकेका मशीनमध्ये जवळपास ३,८०० व्हॉल्व्ह. समज एक व्हॉल्व्ह सरासरी १०,००० तास टिकतो, लै चांगला धरलाय मी. १०,००० ला ३,८०० नं भाग. दर अडीच-पावणेतीन तासाला एक व्हॉल्व्ह गेला. आता तो नेमका कोणता गेला हे शोध, बदल, परत चालू कर, तोवर दुसरा. सिस्टिमची कल्पना एक नंबर होती, ज्यांनी पाह्यली ते सगळे खूश झाले, पण जहाजाचा मागचा जवळपास अर्धा भाग एकट्या मशीननं खाल्ला. नंतर ट्रान्झिस्टरवर न्यायचा विचार होता तो पैशावर अडकला.

म्हणून नेव्हीला ट्रान्झिस्टर पाहिजे होता तो स्पीडसाठी नव्हे, पोरा. आकार, वीज, गरमी आणि बंद न पडणं. स्पीड फुकटात मिळाला. सेमिनारमध्ये हे आधी सांग, बाकी पोरं स्पीडचंच गाणं गातात.

ट्रान्झिस्टरचं पण सगळं गोड नव्हतं बरं का. सुरुवातीचे जर्मेनियमचे. माझ्याकडं दुकानात त्या काळातल्या जातीचा एक रेडिओ अजून आहे, आउटपुटला एसी १२८ ची जोडी. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली लावला की तासाभरात आवाज फाटायला लागतो, आणि ट्रान्झिस्टरच्या टोपीला बोट लावलं तर चटका बसतो. जर्मेनियममध्ये दर आठ-दहा अंशाला लीकेज करंट दुप्पट होत जातो, करंट वाढला की अजून तापतो, तापला की करंट अजून वाढतो, शेवटी जातो. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९५४ मध्ये बाजारात आणला तेव्हा लष्करवाल्यांनी पहिल्यांदा उड्या मारल्या ते ह्याच कारणानं. जर्मेनियम ऐंशी अंशाच्या आसपास हात टेकतो, सिलिकॉन सव्वाशेच्या पुढंबी काम करतो. किंमत कित्येक पट होती पण लष्कराला किंमत विचारतंय कोण.

जुना_आरपी

मी परभणी जिल्ह्यातला, नेव्हीतून रिटायर. आरपी म्हणजे रडार प्लॉटर, ट्रेनिंग कोचीनला. तुमच्या मामांपासून सुरू करतो.

मामा अर्धे बरोबर आहेत बाळा, त्यांना थापाडे म्हणू नको. तोफेचं गणित खरंच गिअर, कॅम आणि शाफ्टवर चालायचं. आपलं जहाज हलतंय, समोरचं हलतंय, वारा आहे, गोळा हवेत अर्धा मिनिट राहणार, हे सगळं एका लोखंडी मशीनमध्ये चाकं फिरवून निघायचं आणि लै अचूक निघायचं. अमेरिकेच्या आयोवा जातीच्या बॅटलशिपवर तसलं मशीन १९९१ च्या आखाती युद्धापर्यंत वापरात होतं. काम भागतंय म्हटल्यावर काढायचं कशाला? त्यालाही कॉम्प्युटरच म्हणायचे, फक्त अ‍ॅनालॉग.

पण तू ज्याबद्दल विचारतोस तो वेगळ्या कामाचा, आजूबाजूची विमानं आणि जहाजं कुठं आहेत ह्याचं चित्र ठेवायच्या. त्याच्या आधी ते काम माणसं करायची, आणि ती माणसं म्हणजे आम्ही.

ऑपरेशन्स रूममध्ये अंधार. एकजण रडारच्या गोल पडद्यावर डोळे लावून बसलेला, त्याला ठिपका दिसला की तो हेडसेटवर बेअरिंग आणि रेंज, म्हणजे दिशा आणि अंतर बोलतो. मी पर्स्पेक्सच्या, म्हणजे आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या मोठ्या उभ्या पाटीच्या मागं उभा, हातात ग्रीस पेन्सिल, कानात त्याचा आवाज. ऐकायचं आणि पाटीवर खूण करायची, शेजारी वेळ, उंची, नंबर, सगळं उलटं लिहायचं, म्हणजे पुढं बसलेल्या साहेबाला सुलटं दिसतं. सुरुवातीला ४ आणि ७ उलटे काढताना हात अडतो, मग इतकी सवय होते की सुट्टीवर आल्यावर बायकोच्या किराणा यादीत पण एखादा आकडा उलटा यायचा.

एक-दोन विमानं असली तर हे झकास चालतं. दहा-बारा एकदम वेगवेगळ्या दिशेनं आली की संपलं. बोलणारे चारजण, ऐकणारा मी एक, एक आकडा चुकीचा ऐकला की दोन विमानांची अदलाबदल. आणि विमान ६०० नॉटनं येत असेल तर मिनिटाला दहा सागरी मैल. माझी खूण मिनिटभर उशिरा पडली तर साहेब जिथं बघतोय तिथं विमान नाहीच, ते दहा मैल जवळ आलेलं. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाला जपानी कामिकाझे आले तेव्हा अमेरिकन नेव्हीला ह्याचा पक्का धडा मिळाला, आणि ती तर पंख्याची विमानं होती. जेट आल्यावर आणि रशियानं विमानातून सोडायची मिसाइलं काढल्यावर पेन्सिलवाल्याचं काही खरं नव्हतं.

म्हणून १९५५ नंतर त्यांनी एनटीडीएस नावाची सिस्टिम करायला घेतली, नेव्हल टॅक्टिकल डेटा सिस्टिम. तुझा यूएसक्यू-२० हा त्या सिस्टिममधला कॉम्प्युटर. पहिल्या चाचण्या १९६१-६२ मध्ये तीन जहाजांवर, ओरिस्कनी ही विमानवाहू, किंग आणि महान ही दोन मिसाइल फ्रिगेट. महान हे नाव आपल्या अर्थाचं नाही, त्यांच्या एका जुन्या नौदल लेखकाचं आडनाव आहे.

त्यात रडारचा ठिपका माणूसच ओळखायचा हे लक्षात ठेव. कॉम्प्युटर आपोआप विमान शोधत नव्हता. कन्सोलवर बसलेला माणूस हातानं एक बॉल फिरवून खूण ठिपक्यावर न्यायचा आणि बटण दाबायचा. दोन-तीनदा असं केलं की कॉम्प्युटरला दिशा आणि वेग कळायचा, मग पुढं तो स्वतः ती खूण सरकवत राहायचा, रडारचा पुढचा फेरा येईपर्यंत. माणूस परत दुरुस्ती करायचा. ठिपक्याच्या जागी चिन्हं यायची, आपला गोल, शत्रू टोकदार, माहीत नाही तो चौकोनी. विमान असलं तर चिन्हाचा वरचा अर्धा भाग, पाणबुडी असली तर खालचा अर्धा, जहाज असलं तर पूर्ण. एका नजरेत कळतं. आजच्या चिन्हांत पण तीच पद्धत ओळखू येते.

पाटी पुसायची भानगड गेली, उलटं लिहायची गेली. आणि खरी गंमत पुढं आहे, ती म्हणजे लिंक, पण आता वीज गेलीय आणि मोबाइल १५ टक्क्यावर आहे, उद्या लिहितो.

बीडचा_बायनरी

काकांचा मोबाइल चार्ज होईपर्यंत १२० केबीचं मी बघतो. मूळ बीडचा, सध्या पुण्यात, पोटापाण्याला एम्बेडेड सॉफ्टवेअर, त्यामुळं हा विषय माझ्या आवडीचा.

पहिलं म्हणजे भावा ३० बिट कामून ते बघ. एका इन्स्ट्रक्शनमध्ये ३० बिट, त्यातले ६ बिट काम काय करायचं त्याचे, तीन-तीन बिटचे तीन तुकडे, आणि उरलेले १५ बिट पत्त्याचे. २ चा १५ वा घात काढ, ३२,७६८. म्हणजे मेमरी तेवढीच का ते इथंच कळलं, पत्त्यात त्याच्यापुढं मोजताच येत नाही.

त्या तीन बिटच्या तुकड्यांतला एक लै भारी आहे. जवळपास प्रत्येक इन्स्ट्रक्शनमध्येच सांगता येतं की उत्तर शून्य आलं किंवा निगेटिव्ह आलं तर पुढची इन्स्ट्रक्शन सोडून दे. वेगळी तपासणी लिहायला नको. जागा कमी असली की डोकी चालतात ती अशी. सात इंडेक्स रजिस्टर, म्हणजे पत्त्यात मिळवायचा आकडा ठेवायच्या जागा, होते बी१ ते बी७, आणि बी० म्हणजे कायम शून्य. आजच्या रिस्क-व्ही जातीच्या प्रोसेसरवाल्यांचं शून्य रजिस्टर बघून पोरं चकित होतात, हे तेव्हाच होतं.

आता मेमरीत मावत होतं काय? चित्र मावत नव्हतं, फोटो मावत नव्हता, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. रडारचं चित्र थेट पडद्यावर जायचं, कॉम्प्युटरकडं फक्त आकडे. समज एका विमानासाठी १० शब्द लागतात, एक्स, वाय, उंची, वेग, दिशा, ओळख, शेवटची वेळ. दोनशे विमानं धरली तरी दोन हजार शब्द. राहिलेले तीस हजार प्रोग्रामला. लै झाले राव, असेंब्लीत लिहिणाऱ्याला विचार.

वेग म्हणशील तर मेमरीचा एक फेरा ८ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला सव्वा लाख वेळा मेमरीला हात लावता येतो. आज हसू येईल, पण विमान मिनिटाला दहा मैल म्हटलं तरी सेकंदाला शे-दीडशेच खुणा सरकवायच्यात. खरं अवघड होतं ते रिअल टाइम. बँकेचा कॉम्प्युटर रात्रभर पगारपत्रकं काढत बसला तरी चालतं. इथं वीस कन्सोलवरून माणसं बटणं दाबायलीत, रेडिओवरून डेटा येयलाय, रडारचा अँटेना फिरायलाय, आणि कुणालाच थांब म्हणता येत नाही. इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणाऱ्या हाका, कसे हाताळायचे, कोणतं काम आधी, हे त्या लोकांनी स्वतःच शोधत शोधत केलं, शिकायला पुस्तक नव्हतं.

भाषेचं पण एक घे. सॅन दिएगोच्या नेव्ही लॅबमध्ये १९५८ च्या सुमारास नेलियाक नावाचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत करणारा प्रोग्राम निघाला, अल्गोल ह्या भाषेच्या घराण्यातला, आणि तो स्वतःला स्वतः कंपाइल करायचा. ज्या मशीनवर तो पहिल्यांदा चालला तिचं लाडाचं नाव काउंटेस, आणि ती यूएसक्यू-१७, तुझ्या यूएसक्यू-२० ची थोरली बहीण.

त्या थोरल्या बहिणीची रचना कुणी केली माहीत आहे का? सेमूर क्रे. हो तोच क्रे, ज्याचा सुपरकॉम्प्युटर मिळवायला आपल्या सरकारनं ऐंशीच्या दशकात खेटे घातले, एक हवामान खात्यासाठी मिळाला आणि पुण्यात परम बनवायची जिद्द त्याच काळात पेटली. १९५७-५८ च्या सुमारास तो युनिव्हॅक सोडून कंट्रोल डेटाला गेला. त्याची यूएसक्यू-१७ आइस्क्रीमच्या दुकानातल्या आडव्या डीप फ्रीझरसारखी होती, वरचं झाकण उचलायचं आणि वाकून आत हात घालायचा. जहाजात तशी आडवी जागा कोण देणार? मग युनिव्हॅकच्या बाकी लोकांनी तीच इन्स्ट्रक्शन ठेवून उभं, सहा फुटी कपाट केलं, तो यूएसक्यू-२०. क्रेचं नाव सगळे घेतात, ज्यांनी ते मशीन जहाजात खरंच उभं केलं त्यांचं कुणी घेत नाही, हे मला खटकतं.

उदगीर_एक्सप्रेस

सगळं अमेरिका अमेरिका चाललंय. तो बॉल फिरवायची आयडिया ब्रिटनच्या राल्फ बेंजामिनची, १९४६ ची, त्यांच्या नेव्हीच्या सीडीएस ह्या रडारची माहिती जमवून दाखवायच्या सिस्टिमसाठी. कॅनडावाल्यांनी डेटारमध्ये तर सरळ बोलिंगचा चेंडू लावला होता. आणि ब्रिटिशांनी ईगल ह्या विमानवाहू जहाजावर १९६४ मध्ये फेरांटी कंपनीचे तीन पोसायडन कॉम्प्युटर चढवले, तेबी ट्रान्झिस्टरचेच. पंधरा मिनिटांत एक मिनिट त्यांना पण दे.

गोदाकाठ_नांदेड

देतो की! काका, लिंकचं सांगा ना, वाट बघायलोय. आणि त्या सीडीएसमध्ये ट्रान्झिस्टर होते का?

जुना_आरपी

चार्जिंग झालं. आधी सीडीएस, कारण त्यात आपल्या घरचं एक जहाज आहे. ती व्हॉल्व्हच्या काळातली सिस्टिम, माहिती साठवायची पद्धत पण बरीचशी अ‍ॅनालॉग. १९५८ मध्ये ब्रिटिशांच्या व्हिक्टोरियसवर आली, आणि १९५९ मध्ये हर्मिस नावाची विमानवाहू नेव्हीत दाखल झाली तिच्यावर, टाइप ९८४ च्या अवाढव्य रडारसोबत. ती हर्मिस म्हणजेच १९८७ मध्ये आपल्या नेव्हीत आलेली विराट. पण आपल्याकडं येण्याच्या कितीतरी आधी ते रडार उतरवलं होतं, त्यामुळं विराटवर सीडीएस होती असं सेमिनारमध्ये बोलू नको, कुणीतरी धरेल.

आता लिंक. माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीचा जीव इथं आहे. एका जहाजावर कॉम्प्युटर बसवला, छान, पाटी हुशार झाली. पण रडार सरळ रेषेत बघतं, पृथ्वी गोल, खालून येणारं विमान क्षितिजाच्या आड. ताफ्यातलं एक जहाज तीस मैल पुढं असेल तर त्याला ते आधी दिसतं. पूर्वी ते आवाजी रेडिओवर सांगायचं, इकडं कुणीतरी ऐकून लिहायचं. एनटीडीएसमध्ये दोन जहाजांचे कॉम्प्युटर आपसांतच बोलायचे. लिंक ११ म्हणतात त्याला, हाय फ्रिक्वेन्सी रेडिओवर, म्हणजे क्षितिजापलीकडं पण जातं. एक जहाज मॉनिटर, ते हजेरी घेतल्यासारखं एकेकाला हाक मारतं, ज्याचं नाव येईल त्यानं आपला डेटा ओकायचा, मग पुढचा. वेग सेकंदाला २,२५० बिट, रेडिओ खराब असला तर १,३६४. एवढ्या बारीक नळीतून अख्ख्या ताफ्याचं चित्र जायचं, कारण जात होते नुसते आकडे, बीडच्या पोरानं वर लिहिलंय ते.

पण एक कटकट मोठी. मी म्हणतो विमान माझ्यापासून ईशान्येला चाळीस मैल. तू म्हणतोस तुझ्यापासून उत्तरेला पस्तीस. हे एकच विमान की दोन? हे कळायला तू आणि मी एकमेकांपासून नेमके कुठं आहोत ते पक्कं माहीत पाहिजे, आणि तेव्हा जीपीएस नव्हतं. दोन मैलांची चूक झाली की एकाच विमानाची दोन भुतं पडद्यावर, आणि मिसाइल अधिकारी कोणत्या भुतावर सोडायचं विचारणार. ह्याला ग्रिडलॉक म्हणायचे, दोघांना दिसणारं एखादं विमान धरून आपले नकाशे एकमेकांवर सरकवून जुळवायचे. हे काम कित्येक वर्षं डोकेदुखीच होतं, कॉम्प्युटर कितीही चांगला असो, आधी आपण कुठं आहोत ते कळलं पाहिजे.

तो नेमकं करायचा काय असं विचारलं होतंस. तोफा चालवायचा का? थेट नाही. कोणतं विमान जास्त धोक्याचं, कोणत्या लढाऊ विमानाला कुठं वळवलं की गाठ पडेल, कोणतं मिसाइल कुणाला द्यायचं, हे तो सुचवायचा, ठरवायचा माणूस. व्हिएतनाम युद्धात १९६६ पासून टोंकिनच्या आखातात एनटीडीएसवालं एखादं जहाज कायम उभं असायचं, रेडिओवर नाव रेड क्राउन. उत्तर व्हिएतनामवर गेलेलं प्रत्येक अमेरिकन विमान परत येताना तिथं ओळख पटवून पुढं, मागं शत्रूचं कुणी लपून येत नाही ना हे बघायला. १९६८ मध्ये लाँग बीच ह्या क्रूझरनं टॅलोस मिसाइलनं पन्नास मैलांहून लांबची मिग पाडली ती त्याच भागात.

आपल्याकडचं म्हणशील तर मी ज्या जहाजांवर होतो तिथं पेन्सिलच होती आधी. मग १९८३ मध्ये आपली गोदावरी आली, तुझ्या गावावरून वाहते तिचंच नाव, माझगाव डॉकनं बांधलेली, डिझाइन आपल्याच लोकांचं. तिच्यावर इटलीच्या सेलेनिया कंपनीची आयपीएन-१० सिस्टिम होती. तोवर सुट्या ट्रान्झिस्टरचा जमाना जाऊन आयसीचा, म्हणजे एका चिपमध्ये अनेक ट्रान्झिस्टरचा आला होता.

सोल्डरवाला_लातूर

पाणबुडीचं राहिलं. एएन/यूवायके-१ म्हणून एक होता, १९६२ च्या आसपासचा, रॅमो-वूल्ड्रिज कंपनीचा. त्याच्या कपाटाचे कोपरे मुद्दाम गोल केले होते, कारण पाणबुडीचं वरचं दार गोल असतं आणि मशीन तिथूनच आत उतरवायचं. नाहीतर कॉम्प्युटर बंदरावर आणि पाणबुडी समुद्रात. काम त्याचं ट्रान्झिट सॅटेलाइटचा डॉप्लर, म्हणजे सॅटेलाइट जवळ-लांब जाताना त्याच्या सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक मोजून पाणबुडी कुठं आहे ते काढायचं. आरपी काका म्हणतात ना आपण कुठं आहोत ते आधी कळलं पाहिजे, तेच. कोपऱ्याचा फोटो मिळाला तर स्लाइडला लाव, सर खूश होतील.

बीडचा_बायनरी

अजून एक, कोअर मेमरीचं सांगायचं विसरू नको. फेराइटच्या, म्हणजे चुंबकत्व धरणाऱ्या मटेरियलच्या बारीक बारीक कड्या, प्रत्येकीतून तारा ओवलेल्या, एका कडीत एक बिट. आडव्या तारेतून अर्धा करंट, उभ्या तारेतून अर्धा, जिथं दोन्ही भेटतात तेवढीच कडी पलटते, बाकी ढिम्म. वाचलं की पुसलं जातं, म्हणून वाचून लगेच परत लिहायचं, त्या ८ मायक्रोसेकंदांत हे दोन्ही आलं. ३२,७६८ गुणिले ३०, म्हणजे जवळपास पावणेदहा लाख कड्या एका कपाटात. आणि वीज गेली तरी त्यातलं जात नाही. जहाजावर दणका बसून ब्रेकर पडला तर परत उचलून तिथूनच सुरू, कागदी टेप परत लोड करत बसायला नको. आजच्या रॅमला हे जमत नाही.

बंद पडण्यावरून आठवलं, त्यांनी एक मोठा कॉम्प्युटर न करता एकाच जातीचे अनेक लावले. लहान जहाजाला कमी, विमानवाहूला जास्त. एक मेला तर उरलेल्यावर कमी काम चालू ठेवायचं. सुटे भाग एकच, ट्रेनिंग एकच. सेमिनारमध्ये ह्याला दोन मिनिटं दे, परीक्षकाला हेच आवडतं.

गोदाकाठ_नांदेड

मंडळी, लैच मिळालं, आता पंधरा मिनिटांत बसवायचं कसं हाच प्रश्न. मामांना गिअरचं वाचून दाखवलं, ते म्हणाले मी काय सांगत होतो. बाकीचं ऐकायला थांबलेच नाहीत.

सोल्डरवाले काका, एक विचारू? खराब सीएफएलच्या सर्किटात फेराइटची छोटी रिंग असते ना, तिच्यात तार ओवून एक बिट साठवून दाखवता येईल का डेमोला? बॅटरीनं पल्स द्यायचा, काढून घ्यायची, मग परत वाचायचं.

सोल्डरवाला_लातूर

नाही जमणार, वेळ घालवू नको. ती रिंग सॉफ्ट फेराइटची, करंट काढला की तिचं चुंबकत्व बरंचसं उतरतं, ट्रान्सफॉर्मरला तेच पाहिजे असतं. मेमरीच्या कडीला चौकोनी हिस्टेरेसिसवालं फेराइट लागतं, पलटलं की पलटलेलंच राहायला पाहिजे आणि अर्ध्या करंटला हलायला नको. दोन्ही साधी फेराइटंच दिसतात, हातात घेऊन फरक कळत नाही, स्कोपवर कळतो.

त्यापेक्षा लॅचिंग रिले घे. पल्स दिला की पलटतो, बॅटरी काढली तरी तसाच राहतो, परत लावून एलईडी पेटवून दाखवायचा. कोअर नाही, पण वीज गेली तरी बिट राहतो हा मुद्दा मागच्या बाकावरून पण दिसेल. पाच व्होल्टचा घे, दोन कॉइलवाला, सेट वेगळा आणि रिसेट वेगळा. एका कॉइलवाल्याला पोलॅरिटी उलटी करावी लागते, ऐन वेळी स्टेजवर घोटाळा होतो.